लाभक्षेत्राबाहेरची माणसे : धरणाचे पाणी आणि आपली जाणीव

धरणाच्या पाण्यावर महाराष्ट्रात आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. अभियंत्यांनी लिहिले, अर्थशास्त्रज्ञांनी लिहिले, सहकारातल्या पुढाऱ्यांनी भाषणे केली. कालव्याला गळती किती, उसाला पाळ्या किती, शेपटाच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी का पोचत नाही, पाणीपट्टी का थकते, हे प्रश्न या लेखनात येतात आणि ते खरेही आहेत. पण या सर्व लेखनात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पाणी ज्याला द्यायचे तो जमिनीचा मालक असतो, हे ते गृहीत होय. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो या चर्चेत येतच नाही. आला तर मजूर म्हणून येतो, हक्क सांगणारा म्हणून येत नाही.

प्रस्तुत लेखात हे गृहीतच तपासायचे आहे. ज्या समाजाला जातीने जमिनीपासून दूर ठेवले, त्याला या गृहीतामुळे पाण्यापासून दुसऱ्यांदा दूर ठेवले जाते, आणि या वेळी शिवाशिवीचा एक शब्दही उच्चारावा लागत नाही. गट नंबर, क्षेत्र, आकारणी असल्या निरुपद्रवी शब्दांत सारे काम भागते. जातिव्यवस्थेचा हा नवा व्यवहार आपल्या चळवळीने आणि आपल्या साहित्याने पुरेसा ओळखलेला नाही, असे मला वाटते.

१

प्रथम शब्द पाहू. पाटबंधारे खात्याच्या भाषेत धरणाशी संबंधित माणसांचे मुख्यतः दोन वर्ग आहेत. ज्यांची घरे-शेते पाण्याखाली जातात ते ‘प्रकल्पग्रस्त’ आणि ज्यांच्या शेताला पाणी मिळते ते ‘लाभधारक’. पहिल्यांची जमीन ‘बुडीत क्षेत्रा’त असते, दुसऱ्यांची ‘लाभक्षेत्रा’त. तिसरा एक वर्ग धरणाच्या भोवतीच राहत असतो. त्याची जमीन बुडत नाही, कारण जमीनच नव्हती. आणि भिजत नाही तीही त्याच कारणाने. धरणाची माती बहुधा यानेच उचललेली असते. या वर्गाला खात्याच्या भाषेत नाव नाही. ज्याला नाव नाही त्याच्यासाठी रकाना नसतो, आणि ज्याच्यासाठी रकाना नसतो त्याचा अर्ज कोणी घेत नाही.

लाभक्षेत्र ठरते कसे? कालवा उताराने वाहतो. त्याच्या खालच्या अंगाची जमीन भिजते, वरच्या अंगाची कोरडी राहते. हा निसर्गाचा नियम आहे, त्यात जात कोठून आली, असे एखादा अभियंता विचारील. पाणी वाहण्यापुरते त्याचे म्हणणे बरोबर आहे. पण कालव्याच्या खाली कोणाची जमीन आणि वर कोणाची, हे निसर्गाने ठरवलेले नाही. नदीकाठचे काळे मळे पिढ्यान्‌पिढ्या कोणाकडे चालत आले, हे प्रत्येक गावाला ठाऊक असते.

दलितांकडे जी थोडी जमीन होती तिचा इतिहासही आपल्याला ठाऊक आहे. महारकी वतनाची जमीन ही गावकीच्या वेठीची मजुरी होती. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली; पण जमीन परत घ्यायची तर आकाराच्या तिप्पट रक्कम सरकारात भरायची होती. परत मिळालेली जमीन नव्या शर्तीची, आणि तिच्यावर भाऊबंदांची नावे इतकी की वाट्याला गुंठे यावेत. हाडकी-हाडवळा हे शब्द अजून शेतांच्या नावांत टिकून आहेत. त्या शेतांवरचा कसणारा मात्र पुष्कळ ठिकाणी बदलला आहे.

दुसरी जमीन गायरानाची. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, माणसांनी तुरुंग भरले. मराठवाड्यात गायरानावरची अतिक्रमणे कायम करण्याचे सरकारी निर्णय त्यानंतर निघाले. त्यांतल्या १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे धरली. पण गायरान म्हणजे काय? गावाने जी जमीन कसण्यालायक मानली नाही, ती. बहुतेक ठिकाणी माळ, बरड, मुरमाड उतार. कालवा तिच्या खालून जातो. आणि जिथे ती कालव्याच्या टप्प्यात येते तिथेही कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर यायला एक पिढी लागते. पाण्याचा अर्ज नमुना नंबर सातवर करायचा, त्यात गट नंबर, क्षेत्र आणि पीक लिहायचे, मागची थकबाकी नसल्याचे दाखवायचे. अतिक्रमणधारक गट नंबराच्या रकान्यात काय लिहिणार?

ज्याची जमीन खरोखर लाभक्षेत्रात आहे त्यालाही पाणी आपोआप मिळत नाही. शेजपाळीचा नियम असा की शेपटापासून सुरुवात करून मुखाकडे यायचे. नियम चांगला आहे. पण रात्री चारी कोण फोडतो, पाटकऱ्याला कोणाच्या ओट्यावर चहा मिळतो, आणि कोणाचे दार उघडे राहिले तर तक्रार होत नाही, हे नियमात लिहिलेले नसते. एक एकराचा धनी मध्यरात्री पाळीवर उभा राहतो तेव्हा वरच्या बांधावर पन्नास एकरांचा धनी असतो. दिवसा त्याच्याच रानात याला खुरपायला जायचे असते. मग पाण्यासाठी भांडायचे कसे?

२

महाडचा संगर आपण दरवर्षी स्मरतो. त्यातला न्यायाचा मुद्दा मात्र भाषणांच्या गर्दीत हरवतो. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, हा त्याचा आशय. महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळे खुले केले, आणि तो कागदावरचा हक्क अमलात आणण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्यावर गेले. स्पृश्यांनी कोर्टात जाऊन काय सांगितले? तळे आमच्या मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी तेथे न येण्याची पूर्वापार वहिवाट आहे, असे सांगितले. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात अखेरचा निकाल लागला आणि ही वहिवाट सिद्ध होत नाही, असे ठरले.

मालकी आणि वहिवाट या दोन शब्दांकडे नीट पाहिले पाहिजे. धरणाच्या पाण्यावरचा आजचा हक्क याच दोन शब्दांवर उभा आहे. धरण बांधले सरकारच्या तिजोरीतून. त्या तिजोरीत मीठ-मिरची घेणाऱ्या भूमिहीनाचाही कर जातो. नदी कोणाच्या बापजाद्यांनी वाहती केलेली नाही. मग सार्वजनिक पैशाने अडवलेले सार्वजनिक पाणी खाजगी बांधाच्या आत शिरताच त्या बांधाच्या मालकाचे कसे होते? बोले ठरावाचे तत्त्व पिण्याच्या पाण्याला लागू आणि पिकाच्या पाण्याला गैरलागू, हा भेद कोणत्या न्यायाने केला? महाडला प्रश्न ओंजळभर पाण्याचा नव्हता, सार्वजनिक वस्तूवरच्या समान हक्काचा होता, असे आपणच म्हणतो. तसे असेल तर तो प्रश्न तळ्याच्या काठावर संपत नाही.

बाबासाहेबांच्या विचारात तो संपलेलाही नव्हता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात ते मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याची योजना, ओरिसातील नद्यांची योजना, जलमार्ग-पाटबंधारे-नौकानयन यांसाठीचा मध्यवर्ती आयोग ही त्या काळातली कामे. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात ते पुढे गेले. जमीन राज्याची, गावाने ती जातिभेद न करता सामुदायिक रीतीने कसायची, आणि कसण्यासाठी पाणी, जनावरे, अवजारे, खत, बियाणे पुरवणे हे राज्याचे कर्तव्य. या यादीत पाणी आहे, आणि ते जमीनदाराला नव्हे तर कसणाऱ्यांच्या समुदायाला द्यायचे आहे. हे निवेदन घटनेत उतरले नाही. जमीन खाजगी राहिली आणि पाणी तिच्या मागे गेले.

त्याही आधी, १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीरावांनी पाटबंधारे खात्याला धारेवर धरले होते. अधिकारी पाण्याचे दाम घेतात, पण पाणी गरजेप्रमाणे पोचते की नाही याची फिकीर करीत नाहीत, ही त्यांची तक्रार. प्रत्येकाला जरुरीपुरते पाणी मोजून मिळेल अशी तोटी का करून देत नाही, असा त्यांचा सवाल होता. पाणी मोजून द्यावे आणि गरजेपुरते द्यावे, हा विचार तज्ज्ञांनी अलीकडे शोधलेला नाही.

३

स्वातंत्र्यानंतर धरणे झाली, कायदेही झाले. १८७९ च्या मुंबई इरिगेशन अ‍ॅक्टच्या जागी १९७६ चा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम आला. २००५ साली दोन नवे कायदे झाले : एकाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण निर्माण केले, दुसऱ्याने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे देण्याची तरतूद केली. दुसऱ्या कायद्यात चांगल्या गोष्टी आहेत. पाणी घनमापाने मोजून द्यायचे, पीक कोणते घ्यावे हे संस्थेच्या सभासदांनी ठरवायचे, संचालक मंडळावर मुखाकडचे, मधले आणि शेपटाकडचे अशा तिन्ही भागांना सारखे स्थान. कालव्यावरचा अन्याय कायद्याने ओळखला, हे मान्य करायला हवे.

पण सभासद कोण? संस्थेच्या क्षेत्रातील जमिनीचा धारक किंवा कब्जेदार. म्हणजे कायद्याला मुख आणि शेपूट दिसते. गाव आणि गावकुसाबाहेरची वस्ती दिसत नाही. बाईसुद्धा दिसत नाही, कारण सातबाऱ्यावर तिचे नाव क्वचितच असते. शेतात दिवसभर राबणारी कुणब्याची बायकोही या हिशेबात भूमिहीनच ठरते.

प्राधिकरणाच्या कायद्यात टंचाईच्या काळासाठी एक कलम आहे. त्यानुसार अशा वेळी प्रत्येक जमीनधारकाला शक्यतो निदान एक एकर भिजेल इतके पाणी द्यावे. मोठ्याचे तोडून लहानाला देण्याचे हे तत्त्व स्वागतार्ह आहे, पण तेही जमीनधारकापाशीच थांबते. त्याच कायद्यात आणखी एक कलम घातले गेले : दोनांपेक्षा अधिक मुले असणाऱ्याकडून शेतीच्या पाण्याला दीडपट पट्टी घ्यावी. याचा अर्थ असा की कुटुंबातली डोकी मोजता येत नाहीत असे नाही. दंड करायचा असेल तेव्हा राज्य ती मोजते. पाणी द्यायचे असेल तेव्हा मात्र एकर मोजले जातात.

आम्ही मराठवाड्यातली माणसे समन्यायी पाणीवाटपाच्या लढ्याशी चांगली परिचित आहोत. नाशिक-नगरच्या वरच्या धरणांनी पाणी अडवायचे आणि पैठणच्या नाथसागराने आकाशाकडे पाहायचे, याविरुद्ध मराठवाडा बोलला. खोऱ्यातल्या वरच्या आणि खालच्या धरणांत तूट सारखी वाटली जावी हे तत्त्व कायद्यात होते. ते अमलात यावे म्हणून झगडावे लागले, आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. हा लढा न्याय्य आहे. प्रश्न एवढाच की वरच्या धरणाला ‘तुझ्याकडे आधी आले म्हणून ते तुझे होत नाही’ असे सांगणारा आमचा पुढारी कालव्यावर आल्यावर तेच वाक्य स्वतःच्या उसाला का सांगत नाही? महाराष्ट्रात लागवडीच्या सुमारे ४ टक्के क्षेत्रावर ऊस आहे, आणि सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास असल्याचे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने दाखवून दिले आहे. समन्याय नदीला लागू झाला. गावात शिरताना मात्र तो वेशीवर थांबला.

४

पाणी जमिनीला न देता माणसाला देणे अव्यवहार्य आहे, असे सांगितले जाते. हे महाराष्ट्रात करून पाहिलेले आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्याने पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे काम सुरू केले. त्यातून ग्राम गौरव प्रतिष्ठान आणि पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम थोडे आणि स्पष्ट होते. पाणी कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर. दर माणशी अर्धा एकर, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस घ्यायचा नाही. पाण्याचा हक्क जमिनीला जोडलेला नाही. जमीन विकली तरी पाणी विकले जात नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. खर्चातला २० टक्के भाग लाभधारकांनी स्वतः उचलायचा, ५० टक्के सरकारी अनुदान, उरलेले प्रतिष्ठानचे बिनव्याजी कर्ज. पाण्याचा हक्क जमिनीपासून सोडवता येतो, हे या नियमांनी दाखवले. साळुंखे हे काही आपल्या चळवळीतले नव्हते; तरी दुष्काळाचा विचार करताना त्यांना डोकी मोजावीशी वाटली, याची नोंद आपण केली पाहिजे.

दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातले. येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडी या गावांच्या माणसांनी बांधलेले बळीराजा स्मृती धरण. त्याची पार्श्वभूमी दुष्काळाची आणि १९८२ च्या गिरणी संपाची. संपामुळे गावी परतलेला कामगार आणि दुष्काळी कामावरचा शेतमजूर यांनी ‘मुक्ती संघर्ष’ चळवळीत विचारायला सुरुवात केली की दरवर्षी खडी फोडून दुष्काळ हटतो का? येरळेची वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि नदी कोरडी पडत होती. गावकऱ्यांनी मागणी केली की वाळूवर हक्क गावाचा. ती आम्ही विकू आणि त्यातून धरण बांधू. के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्याचे साहाय्य मिळाले, डॉ. भारत पाटणकर, गेल ऑम्व्हेट यांच्यासारखे कार्यकर्ते-अभ्यासक सोबत होते. १९८६ साली पायाभरणी झाली, सरकारी अडथळ्यांशी झगडत काम पुरे झाले. आधी ठरले होते ते असे की दोन्ही गावांतल्या प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा समान वाटा, भूमिहीन कुटुंबालाही. धरणाला बळीराजाचे नाव दिले, यातही अर्थ आहे. जोतीरावांचा बळी हा वाटून खाणारा राजा होता.

याच विचाराने १९९३ पासून आटपाडीच्या परिसरात नागनाथअण्णा नायकवडी आणि इतरांनी दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा घेतल्या. कृष्णेचे पाणी दुष्काळी भागाला हवे आणि ते समान वाटून हवे, ही जोड-मागणी त्यांनी लावून धरली. पाणी आणण्याचा भाग सर्व पक्षांनी उचलला. वाटण्याचा भाग मात्र बहुतेकांनी सोयीने बाजूला ठेवला.

तिसरे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातले वाघाड धरण. कालव्याच्या शेपटाकडे, ओझरच्या शेतकऱ्यांना पाणी मिळत नव्हते. बापूसाहेब उपाध्ये यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९१ च्या सुमारास तेथे तीन पाणीवापर संस्था झाल्या. त्यांतल्या एकीचे नाव महात्मा फुले. पाणी मोजून घ्यायचे, पट्टी वेळेवर भरायची, आपसात वाटून घ्यायचे. पुढे साऱ्या प्रकल्पावर अशा संस्था झाल्या आणि धरणाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले. शेपटाला पाणी पोचले, ओसाड रानात द्राक्षे आली. हे यश मोठे आहे आणि ते नाकारणे खोटेपणाचे होईल. राज्याने २००५ च्या कायद्यात जे स्वीकारले ते या वाटेचे. पुरंदर आणि बलवडीची वाट कायद्यात आली नाही.

असे का व्हावे? वाघाडच्या वाटेने कालव्यावरचा अन्याय दूर होतो आणि गावातली मालकी जशीच्या तशी राहते. दुसऱ्या वाटेने मालकीलाच हात लागतो. जो सुधार मालकीला हात लावत नाही तो राज्याला परवडतो.

५

दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की ज्याला जमीन नाही तो पाण्याचे करील काय? याचे उत्तर कोणताही वाटेकरी देईल. आज कोरडवाहू जमिनीचा मालक वाटेकऱ्याला जमीन देतो तेव्हा साऱ्या अटी मालकाच्या असतात, कारण देण्यासारखे सारे त्याच्याकडेच असते. उद्या त्या जमिनीला लागणारे पाणी भूमिहीनाच्या नावावर असेल, तर वाटा ठरवताना दोन पक्ष समोरासमोर बसतील. एकाची जमीन, एकाचे पाणी आणि श्रम. ज्याच्या दारात आजवर कामाला बोलावण्यापुरतेच कोणी आले, त्याच्या दारात पाणी मागायला यावे लागेल. हा बदल केवळ आर्थिक नाही. पाणवठ्यावर ज्याची सावली चालत नव्हती त्याच्याकडे पाणी मागायला जावे लागणे, याचा गावाच्या मनावर काय परिणाम होईल याचा विचार वाचकांनीच करावा. विरोध होतो तो बहुधा यामुळेच होतो, अव्यवहार्यतेमुळे नव्हे. शिवाय गायरान आहे, धरणाची गाळपेर जमीन आहे, भाजीपाला, वैरण, शेळ्या-म्हशी आहेत. पाणी हाती असले की माणूस त्याचे काय करायचे ते शोधतो.

दुसरा आक्षेप असा की सर्वांना वाटल्यास कोणालाच पुरणार नाही. पुरणार नाही ते कशाला? बारमाही उसाला पुरणार नाही हे उघड आहे. माणशी अर्धा एकर भुसार पिकाला पुरते की नाही, हा वेगळा हिशेब आहे आणि पुरंदरच्या माळावर तो मांडून झालेला आहे. पाणी कमी आहे म्हणून ते थोड्यांनाच द्यावे, हा तर्क अन्नाच्या बाबतीत कोणी केला तर आपण त्याला क्रूर म्हणू.

६

आता साहित्याकडे वळू, कारण ज्या जाणिवेतून हा प्रश्न निसटतो ती घडवण्यात साहित्याचाही वाटा आहे.

मराठी ग्रामीण साहित्यात दुष्काळ पुष्कळ आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) अखेरीस दुष्काळ येतो आणि वाडी उठून जाते. त्या काळाच्या आणि त्या मुलखाच्या दृष्टीने ते चित्र खरे आहे. तिथे धरणच नव्हते, तर वाटपाचा प्रश्न कोठून येणार? पण पुढच्या लेखकांनी ते चित्र साच्यासारखे वापरले. धरणे झाली, कालवे झाले, कारखाने उभे राहिले, तरी कथेतला दुष्काळ आभाळातूनच पडत राहिला. नायक भेगाळलेल्या भुईकडे पाहतो, आभाळाकडे पाहतो. तीन कोसांवरच्या हिरव्या उसाकडे पाहत नाही. पाहिलेच तर आपल्यालाही तसा ऊस मिळावा, एवढीच त्याची इच्छा. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ने (१९९१) धरणग्रस्तांची परवड मराठी वाचकाच्या घरात आणली, हे तिचे मोल आहे. ज्यांच्यासाठी पाणी अडवले त्या गावांतली वाटणी कशी झाली, याची तेवढ्याच ताकदीची कादंबरी माझ्या वाचनात नाही.

दलित साहित्याकडे मी आपले साहित्य म्हणून पाहतो, म्हणून अपेक्षाही अधिक. आपल्या आत्मकथनांत पाणी पानोपानी आहे, पण ते बहुतेक पाणवठ्याचे आहे. वरून ओतलेले पाणी, दूर ठेवलेले मडके, विहिरीवरचा अपमान. हे अनुभव सांगितले गेले नसते तर महाराष्ट्र अजून स्वतःला पुरोगामी म्हणवून निर्धास्त झोपला असता. तो विद्रोह आवश्यक होता आणि आहे. पण पाणवठ्यापासून पाटापर्यंत आपली लेखणी गेली नाही. आपल्या साहित्यातला माणूस पाणी प्यायला मागतो. पिकवायला मागत नाही. असे का व्हावे? जमिनीचे स्वप्नच ज्याला पडू दिले नाही त्याला कालव्याचे स्वप्न कसे पडावे, हे एक कारण. आणि आपला लेखक शिकून शहरात आला, त्याच्या मागे गावातली लढाई वेगळ्या शस्त्रांनी चालू राहिली, हे दुसरे.

अपवाद आहे आणि तो ठळक आहे. दया पवारांनी धरण बांधणाऱ्या बाईचे गाणे लिहिले. ते चळवळीतल्या बायकांच्या तोंडी बसले. धरण बांधणारे हात आणि धरणाचे पाणी यांची फारकत त्यांनी नेमकी पकडली होती. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर होती. सुकडी खाऊन तिने माती वाहिली. तो तलाव भरतो, त्याच्या खालच्या विहिरींना पाणी उतरते, आणि त्यांतली एकही विहीर माती वाहणाऱ्यांची नाही. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, जगाने त्याचे कौतुक केले आणि ते योग्यही होते. पण मजुराला मजुरी मिळाली आणि मालमत्ता मालकाची वाढली, हा त्याचा दुसरा अर्धा भाग त्या एका गाण्यात जितका स्पष्ट आहे तितका आपल्या समीक्षेत नाही. समीक्षेने ते गाणे कारुण्याचे म्हणून वाचले. त्यातल्या हिशेबाकडे फारसे लक्ष गेले नाही.

आटपाडीच्याच मातीतून माडगूळकर आले आणि ‘तराळ-अंतराळ’ लिहिणारे शंकरराव खरातही आले. एकाच मुलखाच्या दुष्काळाकडे दोन बाजूंनी पाहणारी ही दोन माणसे. त्याच आटपाडीत पुढे समान पाण्याच्या परिषदा झाल्या. या तीन गोष्टी एकत्र ठेवून वाचणारी समीक्षा आपल्याकडे व्हायला हवी. नाहीतर पाणी हा विषय अभियांत्रिकीच्या वर्गात आणि वेदना हा विषय मराठीच्या वर्गात, अशी वाटणी कायम राहील.

७

करायचे काय, हेही सांगितले पाहिजे. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या प्रत्येक धरणात भूमिहीन कुटुंबांचा मोजलेला वाटा असावा आणि तो त्यांना पाण्याच्या रूपाने किंवा पाणी कराराने देऊन वापरता यावा. पाणीवापर संस्थेच्या कायद्यात सभासदत्व गावातल्या प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला खुले व्हावे. गायरानधारकांच्या जमिनीला पाणी देताना कसवणूक हाच पुरावा मानावा. गाळपेर जमिनीवर पहिला हक्क विस्थापितांचा आणि भूमिहीनांचा असावा. बारमाही पिकांचे पाणी आधी काढून ठेवून उरलेले वाटण्याऐवजी आधी प्रत्येक कुटुंबाचा वाटा काढावा आणि मग उरलेल्याचा विचार करावा.

या मागण्यांत जमीनवाटपाची मागणी सोडून दिलेली नाही. उलट जमिनीचा लढा ज्या कोर्टकचेऱ्यांत अडकून पडला आहे तिथे पाण्याचा लढा त्याला नवे बळ देऊ शकतो. या लढ्यात अल्पभूधारक कुणबी, माळी, धनगर, कालव्याच्या शेपटावरचा प्रत्येक शेतकरी आपला सोबती होऊ शकतो, कारण एकराच्या हिशेबात तोही हरतो आणि डोक्यांच्या हिशेबात तोही जिंकतो. सोबत आपोआप येणार नाही. जातीच्या भिंतीमुळे तो आजवर आपल्या पन्नास एकरवाल्या भावकीच्या मागे उभा राहिला आहे. पण समान वाट्याच्या मागणीने त्याच्यासमोर निदान प्रश्न तरी उभा राहील.

विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या पाणीवापर संस्थेची सभासद यादी मिळवावी आणि गावाच्या मतदारयादीशेजारी ठेवून पाहावी. यादीत किती नावे नाहीत, ती कोणाची आणि कोणत्या वस्तीतली, हे लिहून काढावे. शिक्षकांनी हे काम अभ्यासाचा भाग मानावे. कार्यकर्त्यांनी ते कागद घेऊन ग्रामसभेत उभे राहावे. हक्क मागण्याआधी आपण कोणत्या यादीतून वगळले गेलो आहोत हे ठाऊक असावे लागते. या भूमिकेवर मतभेद असणाऱ्यांनीही लिहावे, विशेषतः पाटबंधाऱ्याच्या कामाचा अनुभव असणाऱ्यांनी. चर्चा झाली तर मागणी अधिक नेमकी होईल.